सहा बिस्किटं, एका ताटलीत

दुपारी दीड वाजता तंबूची कनात वर गेली आणि सगळ्यांच्या आधी आत घुसली ती नोरा एकरॉइड. सकाळी सातपासून ती शेजारच्या चहाच्या तंबूत बंबापाशी उभी होती, आणि घाईत हातातला ओला फडका तसाच राहिला होता. थॉर्नबेक गावाच्या वार्षिक प्रदर्शनात ओटच्या बिस्किटांचं लाल कार्ड, म्हणजे पहिला नंबर, सलग आठ वर्षं तिच्या ताटलीपुढे लागत होतं. नववं बघायला ती आली होती.

कार्ड होतं, पण पांढरं. त्यावर पेन्सिलीच्या बारीक, नीटस अक्षरात लिहिलं होतं, 'नियमात बसत नाही. बिस्किटं दुकानातली आहेत.'

नोराने ते दोनदा वाचलं. मग तिने बाजूच्या ताटल्यांकडे पाहिलं. लाल कार्ड लागलं होतं वाकड्यातिकड्या, मध्ये फुगलेल्या सहा बिस्किटांपुढे, जी तिने आपल्या घरात मांजरालाही घातली नसती. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. हा तापाचा रस्ता गावात सगळ्यांना माहीत होता. आधी कान, मग मान, मग तोंड.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. थॉर्नबेकमध्ये एखादा माणूस दारू पिऊन रात्रभर कुंपणात पडला, तरी सोमवारी लोक त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतात. पण दुकानातली वस्तू घरची म्हणून ताटलीत मांडणाऱ्या बाईला मात्र इथे माफी नाही. एडना क्राउदरने अठ्ठावन्न साली बाजारातला मुरंबा आपल्या बरणीत भरून मांडला होता. एडना जाऊन वीस वर्षं झाली. तिची नात अजून 'मुरंबेवाल्यांची' म्हणूनच ओळखली जाते, आणि बिचारी करते नर्सचं काम. तसं पाहिलं तर दुकानातली बिस्किटं गावात घरोघरी असतात. पाहुणा येताना दिसला की बायका पाकीट फाडून ती डब्यात ओततात आणि कागद चुलीत सारतात. सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि कोणी विचारत नाही. पण प्रदर्शनातली ताटली म्हणजे शपथ. तिथे सहा बिस्किटं, एकसारखी, स्वतःच्या हातची. आणि नोराच्या घरात तर पाकीट आत यायचंच नाही. हे ती स्वतःच सांगायची, आणि जरा जास्तच वेळा सांगायची.

"डेरेक!" तिने हाक मारली तशी तंबूतली निम्मी डोकी वळली. डेरेक प्रदर्शनाचा चिटणीस. तो छातीशी वही धरून आला.

"हे काय आहे?"

"नोरा, आपण जरा बाहेर बोलूया का? बाहेर ऊनही छान पडलंय."

"ऊन गेलं खड्ड्यात. कोणी लिहिलंय हे?"

लिहिणारी बाई लांब नव्हती. बेरिल सटक्लिफ, पलीकडच्या गावची. पंचवीस वर्षं परीक्षक, अंगात करड्या रंगाचा कोट, हातात आपली स्वतःची छोटी सुरी. ती जॅमच्या बरण्यांपाशी उभी होती आणि हाक तिच्या नावाने नसली तरी चालत आली. तिचा स्वभावच तसा होता.

"मी लिहिलंय, नोरा."

"मिसेस सटक्लिफ," नोरा म्हणाली. दोघी चाळीस वर्षं एकमेकींना नावाने हाक मारत होत्या, त्यामुळे हे ऐकताच आजूबाजूचे लोक एक पाऊल मागे सरकले. "तुम्ही म्हणताय ती बिस्किटं माझ्या हातची नाहीत?"

"मी म्हणते ती भट्टीतून आलेली आहेत, तुझ्या चुलीतून नाही."

"एकसारखी गोल आहेत म्हणून? माझ्या विल्फने गिरणीत असताना मला पितळी कडं घडवून दिलंय. त्या कड्याने कापते मी. अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

"गोल आहेत म्हणून नाही. मी अर्धं खाल्लं. तुझ्या हातची चव मला माहीत आहे, म्हणूनच म्हणते." बेरिलचा आवाज अजूनही लहान होता. "काहीतरी घोटाळा झाला असेल. तू घरी जाऊन बघ ना एकदा. मी डेरेकला पाचपर्यंत थांबायला सांगते."

ही खरं तर पळवाट होती, आणि बेरिलने ती चांगल्या मनाने दिली होती. पण नोराला त्या क्षणी चांगलं मन दिसत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की ही बाई चारचौघांत तिला चोर म्हणतेय, तेही इतक्या गोड आवाजात.

"मी घरी जाऊन बघू? दुकानातलं मला तुम्ही शिकवणार?" आता मान तापून झाली होती. "तुमच्या आर्थरच्या दफनानंतर चहाला केक कुठला होता, मिसेस सटक्लिफ? सगळं गाव बसलं होतं तुमच्या दिवाणखान्यात. दुकानातला केक! खालचा कागदसुद्धा धड निघाला नव्हता. नवऱ्याला पुरून आलात आणि लोकांना दुकानातला केक चारलात. आम्ही खाल्ला ना मुकाट्याने? कोणी कार्ड लावलं का तुम्हाला?"

बाहेर बॅंडवाले वाजवत होते तेवढंच ऐकू येत होतं. बेरिलने सुरी पुसली, कोटाच्या खिशात ठेवली आणि निघून गेली.

नोराचा नवरा विल्फ पलीकडच्या रांगेत होता. समोर मुलाच्या डोक्याएवढाले कांदे मांडले होते आणि तो त्यांच्याकडे असा बघत होता की जणू त्याला त्यांच्यावर परीक्षा द्यायची आहे. मघापासूनचं सगळं त्याने ऐकलं होतं. त्याने मान वर केली नाही.

डेरेक हळूच म्हणाला, "नोरा, समितीला यावर काहीतरी करावं लागेल. पाचला बक्षीस-समारंभ आहे. त्याआधी काही पुरावा असेल तर... नाहीतर तुझं नाव वहीतून काढावं लागेल. कायमचं."

"पुरावा हवाय? आणते पुरावा," नोरा म्हणाली. तिने आपली ताटली उचलली, फडका खांद्यावर टाकला आणि चढावरच्या आपल्या घराची वाट धरली. नववं कार्ड आता तिच्या डोक्यात नव्हतं. एडना क्राउदर होती.

पुरावा घरी होता. गुरुवारी तिने चोवीस बिस्किटं भाजली होती. त्यांतली देखणी बारा प्रदर्शनासाठी लाल डब्यात, कागदाच्या घड्यांमध्ये. उरलेली, कडेला करपलेली आणि जरा वाकडी, घरात खायला निळ्या डब्यात. पीठ तेच, पाक तोच, हात तोच. त्यांतली दोन नेऊन बेरिलच्या नाकाखाली धरायची आणि म्हणायचं, खा आणि माफी माग. नोरा चढ चढताना हे वाक्य घोळवत होती. प्रत्येक वेळी ते आणखी लांब होत होतं.

घरी पोचली तेव्हा निळ्या डब्याचं घट्ट बसलेलं झाकण काही निघेना. म्हणून तिने आधी चहा टाकला. तिच्या लोकांत घराला आग लागली तरी आधी चहा टाकतात. कपात दूध घातलं, टेबलाशी बसली, आणि सवयीने समोरच्या ताटलीतलं एक बिस्किट उचलून चहात बुडवलं.

नोराच्या बिस्किटाची एक खोड होती. तीन म्हणेपर्यंत बाहेर काढावं लागायचं. एक, दोन, तीन, आणि तोंडात. चौथ्याला ते वाकायचं आणि पाचव्याला कपात कोसळायचं. इतक्या वर्षांत तिने ते आकडे मनात मोजणंही सोडलं होतं, हात आपोआप वर यायचा. पण आज मनात बेरिल होती. त्यामुळे हात वर यायचा राहिला, आणि तिच्या ध्यानात आलं तेव्हा निदान आठ तरी झाले असतील.

बिस्किट कोसळलं नव्हतं. तिने ते वर काढलं. खालून ओलं, वरून ताठ.

ती हातातल्या बिस्किटाकडे बघत राहिली. मग तिने दुसरं उचललं, बुडवलं आणि मोठ्याने मोजलं. दहाला थोडं मऊ झालं. मग डबा मांडीत धरून झाकण ओढून काढलं, करपलेल्या कडेचं आपलं बिस्किट घेतलं आणि बुडवलं. पाचाला ते कपाच्या तळाशी गेलं. आता तिने ताटलीतलं नीट चाखलं. व्हॅनिला होती. तिने जन्मात ओटच्या बिस्किटात व्हॅनिला घातली नव्हती.

बेरिल खरं बोलली होती. हे कळल्यावर नोराला लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही, पण वाटेतच तिचा संताप झाला. कारण सकाळी ताटली मांडायला ती गेलीच नव्हती. ती बंबापाशी होती. लाल डबा आणि ताटली घेऊन गेला होता विल्फ.

विल्फ चारच्या सुमाराला मागच्या दाराने आला. तो नेहमीच मागच्या दाराने यायचा. टेबलावर ताटली, निळा डबा आणि गाळ बसलेला कप पाहिला आणि दारातच थांबला.

"बस," नोरा म्हणाली.

"बूट काढतो."

"बुटांसकट बस."

तो बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली.

"माझी बिस्किटं कुठायत?"

"डबा पडला," विल्फ म्हणाला. "सकाळी. तू गेल्यावर. फळीवरून काढताना हातातून सुटला. सगळी फुटली गं. एकही धड नाही राहिलं."

"आणि?"

"कोंबड्यांना घातली."

"माझी प्रदर्शनातली बिस्किटं कोंबड्यांना?"

"तुकडे होते, नोरा."

"निळ्या डब्यात बारा होती की!"

"ती करपलेली होती. ती मांडली असती तर तू म्हणाली असतीस, करपलेली मांडून माझं नाक कापलंस. ताटलीच मांडली नसती तर म्हणाली असतीस, एक काम धड होत नाही. मी दोन्हीचा विचार केला. इथे बसून पाऊण तास केला."

"आणि पाऊण तासाने तुझ्या डोक्यात हे आलं?"

"मला वाटलं, कोणाला कळायचं नाही."

हे सगळ्यात वाईट होतं. नोराने कप असा आपटला की बशी तडकली.

"मी चाळीस वर्षं हातांनी लोणी फेसते आणि तुला वाटतं कोणाला फरक कळायचा नाही! आणि मग? मी तिथे तंबूत त्या बाईच्या तोंडावर तिच्या मेलेल्या नवऱ्याचं काढलं, तेव्हा तू कुठे होतास?"

"कांद्यांपाशी."

"कांद्यांपाशी! एक शब्द बोलायचा होतास ना. 'नोरा, थांब.' दोन शब्द."

"बोलणारच होतो," विल्फ टोपीला म्हणाला. "पण तू बेरिलला जे बोललीस ते ऐकलं, आणि मनात आलं, तिची काही चूक नसताना तिला एवढं, तर माझी तर आहे."

नोराने तडकलेली बशी बाजूला सारली. मग तिला एकदम आठवलं.

"गावातलं दुकान आज बंद आहे. पाकीट आणलंस कुठून?"

विल्फने खिडकीबाहेर आपल्या शेडकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. "होतं एक."

"कुठे होतं?"

"साडेचार होत आले, नोरा," तो म्हणाला. तेवढं मात्र खरं होतं.

उतारावर ती पुढे आणि तो दहा पावलं मागे. मध्ये एकदा तो म्हणाला, "मी सांगतो ना त्यांना. माझंच आहे ते."

"तू गप्प बस," नोरा न वळता म्हणाली. "कांद्यांपाशी जमलं तसं गप्प बस."

तंबूत खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर चषक, टेबलामागे डेरेक, आणि टोकाच्या खुर्चीवर बेरिल, करड्या कोटाची सगळी बटणं लावून. नोरा सरळ पुढे गेली. वाटेत तिने ठरवलं होतं, आपण काही सोसायचं नाही. जे झालं ते नावानिशी सांगायचं. डबा विल्फने पाडला, पाकीट विल्फने फोडलं, तोंड विल्फने शिवून घेतलं. गावाला कळू दे.

"ती बिस्किटं दुकानातलीच होती," ती म्हणाली. कोणीतरी जोरात श्वास घेतला. "बेरिल बरोबर होती. मी त्यांना हातसुद्धा लावला नव्हता. ती मांडली..."

इथे तिने विल्फकडे बोट दाखवण्यासाठी मान वळवली. तो शेवटच्या रांगेमागे उभा होता, दोन्ही हातांत टोपी पिळत. त्याने डोळे मिटले होते. आता येणार, हे त्याला इतकं पक्कं माहीत होतं की तो ते यायची नुसती वाट बघत होता. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती आणि हा माणूस आपल्यापुढे असा उभा राहतो, हे नोराने पहिल्यांदा लांबून पाहिलं.

"...ती आमच्या घरातून आली," ती म्हणाली. "चूक आमच्या घरची आहे. नाव काढायचं तर काढा. आणि बेरिल, मी जे बोलले ते घाणेरडं बोलले. मला माफ कर."

डेरेकने वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या वर्षी बघू असं पुटपुटला. लोकांनी छताकडे, बुटांकडे, चषकाकडे पाहिलं. नंतर खुर्च्या आवरताना बेरिल नोराजवळ आली. हसली नाही.

"केक दुकानातलाच होता," ती म्हणाली. "आर्थरला तसलाच आवडायचा. मऊ, वर गुलाबी साखर लावलेला. मी तीस वर्षं दर रविवारी माझा घट्ट, फळांचा केक करून वाढला त्याला. दवाखान्यात शेवटच्या महिन्यात म्हणाला, बेरिल, खरं सांगू का, मला तो नव्हता आवडत." तिने पर्स बंद केली. "तोवर सांगायचा धीर झाला नसावा. म्हणून मग दफनाच्या दिवशी त्याच्या आवडीचा आणला. तू माझी माफी मागितलीस ते मी ऐकलं, नोरा. पण आज मला तुझ्याशी आणखी बोलायचं नाहीये."

नोराने मान हलवली. चढावरून घरी येताना विल्फ या वेळी वीस पावलं मागे होता.

घरात शिरल्या शिरल्या तिने टेबलावरचा निळा डबा उचलला, छातीएवढा उंच धरला आणि फरशीवर सोडून दिला. आवाज एवढा झाला की अंगणातल्या कोंबड्या ओरडल्या. झाकण गडगडत कपाटाखाली गेलं, करपलेल्या बिस्किटांचा चुरा दारापर्यंत उडाला.

"बघ," नोरा म्हणाली. "पडला. घर कोसळलं? मी मेले? तू मेलास?"

विल्फ भिंतीला टेकला होता. "नाही."

"मग म्हण. 'नोरा, डबा पडला.' माझ्याकडे बघून म्हण."

"पण हा तू पाडलास."

"म्हण, विल्फ!"

"नोरा, डबा पडला."

तिचे कान तापले. त्यावर तिचा इलाज नव्हता, ते आपोआप तापत. पण तिने दात दाबून धरले, खुर्ची ओढली, बसली आणि दोघांना चहा ओतला.

"आता पुढचं. पाकीट कुठे होतं?"

विल्फ हळूच समोर बसला. बूट अजून पायात होते. त्याने कप दोन्ही हातांत धरला.

"शेडमध्ये. खिळ्यांच्या डब्यामागे." कपात बघत तो पुढे म्हणाला, "नेहमीच असतं. एक संपलं की दुसरं आणतो."

"किती वर्षं?"

"गिरणी बंद झाल्यापासून."

म्हणजे एकोणीस. नोराच्या मानेवर लाल डाग चढत गेले. तिने टेबलाची कड धरली.

"का?"

"तुझं फार चविष्ट असतं, नोरा, त्याबद्दल प्रश्नच नाही," विल्फ म्हणाला. "पण ते पाचाला गळून पडतं. मला मोजत बसावं लागतं. मोजता मोजता चहा पिणं मला जमत नाही. आणि कपाच्या तळाशी तो गाळ मला आवडत नाही. कधीच आवडला नाही. दुकानातलं टिकतं."

त्याने डोळे मिटले. आता येणार, म्हणून तो वाट बघत होता.

नोराच्या तोंडात सात-आठ वाक्यं तयार होती, एकाहून एक धारदार, आणि त्यांतलं एकही खोटं नव्हतं. तिने चहाचा मोठा घोट घेतला आणि ती गिळली. जीभ भाजली.

"डोळे उघड," ती म्हणाली. आवाज चढलेलाच होता. "आणि पुढे बोल."